मेंदूच्या तटाला दिंडी दरवाजा

सर्दी झाली की पूर्वी घरोघरी एक लहानशी गोळी घेतली जात असे. नाक गळायचे थांबे, पण दुपारी कचेरीत डोळे मिटू लागत. आमच्या बँकेत तीन वाजता लेजरवर मान टाकणाऱ्याला ‘काय, सर्दी का?’ असेच विचारत. पुढे नव्या पिढीच्या गोळ्या आल्या. त्या नाकाचे काम तेवढे करतात आणि झोप फारशी आणत नाहीत. औषधाचे कुळ तेच, मग फरक कुठे पडला? जुनी गोळी रक्तातून सहज मेंदूत शिरत असे. नवीला मेंदूच्या वेशीवरच बहुतांशी अडवले जाते. जुलाबावरची लोपेरामाइड ही गोळी तर अफूच्या गोतावळ्यातली. पण नेहमीच्या मात्रेत ती घेऊन कोणी झिंगत नाही. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत पंप बसवल्यासारखी एक व्यवस्था आहे, ती या औषधाला आल्या पावली बाहेर काढते.

ही वेस, ही तटबंदी प्रत्येकाच्या डोक्यात आहे. डॉक्टर तिला ‘रक्त-मेंदू अडथळा’ म्हणतात. मला मात्र तिच्याविषयी वाचताना किल्ला आठवतो. सूर्यास्ताला महादरवाजा बंद झाला की आत-बाहेर सगळे थांबे. पण त्या अवाढव्य दारातच एक छोटी दिंडी ठेवलेली असे, वाकून एका वेळी एकच माणूस आत जाईल एवढी. पहारेकऱ्याच्या ओळखीचा असेल त्यालाच ती उघडायची. आपल्या मेंदूचे नेमके असेच आहे. साखरेसाठी वेगळी दिंडी, प्रथिनांच्या घटकांसाठी वेगळी. बाकीच्यांनी बाहेर थांबायचे, आणि या बाकीच्यांत आपली बहुतेक औषधेही आली. एरवी ही व्यवस्था आपल्याला वाचवते. रोज रक्तातून काय काय फिरत असते, ते सगळे मेंदूपर्यंत गेले असते तर आपण धड एक वाक्य बोलू शकलो नसतो. पण शत्रू तटाच्या आतच उपजला तर? मेंदूतल्या गाठीचे, म्हणजे ब्रेन ट्यूमरचे, दुखणे हे असे आहे. औषध बाहेर, रोग आत आणि मध्ये आपलाच पहारेकरी. हा पहारेकरी तासाभरासाठी बाजूला करता येईल का, तोही आवाजाच्या लहरींनी, असा प्रयत्न गेली पंचवीसेक वर्षे चालू आहे. त्याची ही हकीगत.

या तटबंदीचा पहिला सुगावा रंगामुळे लागला. जर्मनीत पॉल एर्लिख नावाचे शास्त्रज्ञ प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून कोणता अवयव किती रंगतो ते पाहत असत. १८८५ साली त्यांनी नोंदवले की सगळे शरीर रंगले तरी मेंदू आणि मज्जारज्जू कोरेच राहतात. त्यांचा समज झाला की मेंदूला रंगाचे वावडे असावे. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ साली उलटी चाल केली. निळा रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या पाण्यात टोचला. मेंदू निळाशार झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले! म्हणजे वावडे वगैरे काही नव्हते, मध्ये भिंत होती. गंमत म्हणजे रोगाला नेमके गाठणारी ‘जादूची गोळी’ ही कल्पना याच एर्लिखसाहेबांची. उपदंशावरचे त्यांचे १९१० चे साल्व्हार्सन औषध जगभर गाजले, पण उपदंश मेंदूत पोहोचला की ते दुबळे पडे. गोळी जादूची असली तरी तटापुढे तिचे काही चालत नव्हते.

या भिंतीला नाव देणाऱ्या बाईंची कहाणी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कादंबरीकार म्हणून मला हेवा वाटला, इतके त्यात भरले आहे. लीना स्टर्न. जन्म १८७८, रशियन साम्राज्यातला, ज्यू कुटुंबातला. शिकायला जिनिव्हाला गेल्या आणि १९१८ साली तिथल्या विद्यापीठातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. १९२१ च्या सुमारास त्यांनी ‘रक्त-मेंदू अडथळा’ ही संज्ञा रूढ केली. १९२५ साली सुखासीन स्वित्झर्लंड सोडून त्या मॉस्कोला गेल्या. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या, १९३९ साली. क्षयरोगाच्या मेंदूज्वरावर स्ट्रेप्टोमायसिन थेट मेंदूभोवतीच्या पाण्यातच द्यावे, म्हणजे भिंतीची कटकट नको, असे प्रयोग त्यांनी केले. आणि मग जानेवारी १९४९ मध्ये त्यांना अटक झाली. ज्यूंच्या एका फॅसिस्टविरोधी समितीत त्या होत्या, एवढाच काय तो गुन्हा. १९५२ साली पंधरा जणांवर गुप्त खटला चालला. १२ ऑगस्टला तेरा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. सत्तरी ओलांडलेल्या स्टर्नबाईंना तेवढे हद्दपार करून कझाकस्तानात पाठवले. स्टॅलिनच्या मृत्यूनंतर त्या परत आल्या, पुन्हा प्रयोगशाळेत बसल्या आणि १९६८ मध्ये वारल्या. त्यांनी ज्या भिंतीला नाव दिले ती प्रत्यक्षात कशी आहे हे त्यांच्या हयातीतच, १९६७ साली, अमेरिकेत रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले होते. शरीरात इतरत्र केशवाहिनीच्या पेशींमध्ये फटी असतात, तिथून पदार्थ झिरपतात. मेंदूतल्या केशवाहिनीच्या पेशी मात्र एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून काही जात नाही.

पार्किन्सनच्या कंपवाताचे औषध घेणारे कोणी तुमच्या घरात असेल, तर ही भिंत तुमच्या रोजच्या व्यवहारातली आहे. त्या रोगात मेंदूला डोपामाइन कमी पडते. पण डोपामाइन सरळ दिले तर ते भिंतीबाहेरच राहते. म्हणून एल-डोपा देतात. ते प्रथिनांच्या घटकासारखे दिसते, त्या घटकांसाठीच्या दिंडीतून आत शिरते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामाइन होते. वेषांतर करून गड घेण्यासारखेच हे. दुर्दैवाने कर्करोगावरच्या फार थोड्या औषधांना अशी सोंगे वठवता येतात.

आता गाठीकडे वळतो. मेंदूतल्या गाठी अनेक प्रकारच्या असतात आणि त्यांतल्या कित्येक साध्या असतात, हे आधी सांगून टाकले पाहिजे, नाहीतर डोके दुखणारा प्रत्येक वाचक सोमवारी स्कॅन करायला निघेल. मोबाइलमुळे गाठ होते का, हा प्रश्नही हमखास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली ‘शक्यता नाकारता येत नाही’ अशा यादीत मोबाइलच्या लहरी टाकल्या होत्या. नंतर संघटनेनेच करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात संबंध आढळला नाही. मोबाइलबद्दल माझ्या इतर बऱ्याच तक्रारी आहेत, ही एक कमी झाली.

सगळ्यांत वाईट गाठ ग्लायोब्लास्टोमा. ती विरळ आहे. अमेरिकेत वर्षाला लाखात तिघांना वगैरे होते. पण ती एका घरात शिरली की त्या घराला लाखाचा हिशेब सांगून उपयोग नसतो.

मेंदूतली गाठ काढण्याची आधुनिक काळातली पहिली गाजलेली शस्त्रक्रिया लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १८८४ रोजी झाली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून अकरा वर्षे होती. ह्यूज बेनेट या डॉक्टरांनी केवळ रुग्णाच्या हातापायाच्या झटक्यांवरून गाठ कुठे असेल ते सांगितले, रिकमन गॉडली यांनी कवटी उघडली आणि अक्रोडाएवढी गाठ तिथेच सापडली. रुग्ण पंचविशीचा तरुण शेतकरी. अठ्ठाविसाव्या दिवशी तो जंतुसंसर्गाने गेला. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर हे या गॉडलींचे सख्खे मामा, हा नियतीचा विनोद म्हणायचा.

पुढे जंतुसंसर्ग आटोक्यात आला, तरी ही गाठ आटोक्यात आली नाही. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी हे अमेरिकेतले फार मोठे मेंदूशल्यविशारद. गाठ काढली तरी परत येते, याने ते इतके चिडले असावेत की त्यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भाग पुरताच काढून टाकला. ज्यांची डावी बाजू रोगाने आधीच लुळी पडली होती, असे हे रुग्ण. १९२८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्धा मेंदू गेला तरी माणसे बोलत होती, ओळखत होती. आणि तरीही रोग उरलेल्या अर्ध्यात उगवला. शेतकरी वाचकांना हे लगेच कळेल, कारण त्यांना हरळी माहीत आहे. वरचा पुंजका उपटला की रान स्वच्छ दिसते. पण तिचे पांढरे धागे कुठवर गेले आहेत ते मातीलाच ठाऊक.

आमच्या शाखेत एक हेड कॅशियर होते. नोटा मोजण्यात त्यांचा हात धरणारा विभागात कोणी नव्हता. १९८६ च्या पावसाळ्यात त्यांचा डावा हात मागे पडू लागला. गड्डी धरायचा हा हात. बोटांतून नोटा निसटायच्या आणि ते स्वतःवरच हसायचे. मग एक दिवस व्हाउचरवरची त्यांची सही मला वेगळी वाटली. सह्या पडताळण्यात आयुष्य गेलेले, त्यामुळे ते आधी मला दिसले एवढेच. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, किरण दिले. पुन्हा कामावर आले, डोक्याला रुमाल बांधून पाच महिने कॅश सांभाळली. दिवाळी एक पाहिली, दुसरी नाही. तेराव्याला त्यांची पत्नी मला म्हणाली, “भावजी, सगळं काढलं म्हणाले होते ना हो डॉक्टर? मग राहिलं कुठं?”

डॉक्टर खोटे बोलले नव्हते. दिसत होते तेवढे सगळे त्यांनी काढले होते. राहिलेले कुठे होते याचे उत्तर मला नीट समजले ते फार उशिरा, या विषयावर वाचू लागल्यावर. एमआरआय काढताना शिरेतून एक द्रव्य टोचतात, त्याने गाठ पांढरी चमकते. ती चमकते, कारण गाठीच्या गाभ्यातल्या रक्तवाहिन्या बिघडलेल्या असतात, तिथली तटबंदी ढासळलेली असते, म्हणून द्रव्य आत झिरपते. पण गाठीच्या कडेला, चांगल्या मेंदूत घुसलेले जे एकटेदुकटे धागे असतात, तिथे तट शाबूत असतो. तिथे द्रव्य जात नाही म्हणून चमक नाही. आणि त्याच कारणाने तिथे औषधही जात नाही. म्हणजे ज्या पेशी सुरीला दिसत नाहीत, त्याच औषधालाही गवसत नाहीत. रोग परत येतो तो बहुतेक वेळा याच कडेने.

किरणोपचाराच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध आले, तो या रोगातला अलीकडचा मोठा टप्पा. ५७३ रुग्णांवरची ही चाचणी रॉजर स्टुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. नुसत्या किरणांवर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांच्या पुढे जात. औषध जोडल्यावर १४.६ महिन्यांच्या. अडीच महिने! बाहेरच्या माणसाला हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण दोन वर्षांनी जिवंत असणारे शंभरात दहा होते ते सव्वीस झाले, हे पाहिले की त्याचे मोल कळते. हे औषध चालले त्याचे एक कारण ते रेणूने लहान आहे आणि थोडेफार तटाच्या आत जाते. थोडेफारच, रक्तात जितके असते त्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडते.

तट फोडायचे प्रयत्न आधीही झाले होते. गाठ काढल्यावर पडलेल्या खड्ड्यातच औषधाच्या चकत्या ठेवून कवटी बंद करायची, ही युक्ती अमेरिकेत १९९६ साली मंजूर झाली. उपयोग होतो, पण चकतीपासून दूर औषध पोहोचत नाही. दुसरी युक्ती मॅनिटॉलची. हे साखरेच्या जातीचे द्रव्य मानेतल्या धमनीतून जोरात सोडले की केशवाहिनीच्या पेशी पाणी गमावून आकसतात आणि त्यांच्यामधले टाके सैलावतात. यात भूल द्यावी लागते आणि त्या धमनीवर पोसलेला मेंदूचा सगळा मुलूखच उघडा पडतो. एका माणसाला आत घेण्यासाठी महादरवाजा सताड उघडण्याचा हा प्रकार.

आणि आता आवाज. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यावरचा तो श्राव्यातीत, म्हणजेच अल्ट्रासाऊंड. क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवलेल्या स्फटिकांच्या एका गुणामुळे तो निर्माण करता येऊ लागला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो तुलाँ बंदरात समुद्रात सोडला, तेव्हा लहरींच्या वाटेत आलेले मासे मेले आणि पाण्यात हात घातला तर कळ आली. म्हणजे ध्वनीने नुसते पाहता येते असे नाही, काही करताही येते, हे तेव्हाच कळले होते. आपल्याकडे ‘अल्ट्रासाऊंड’ म्हटले की सोनोग्राफी आणि सोनोग्राफी म्हटले की दवाखान्यातली ती पाटी, ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’. असा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राला १९८८ साली करावा लागला, यात भूषण किती आणि लाज किती, ज्याचे त्याने ठरवावे. त्याच लहरी आता डोक्याकडे वळल्या आहेत.

अडचण कवटीची होती. हाड ध्वनी शोषते, वाकवते, विस्कटते. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्राय बंधूंनी मेंदूवर ध्वनीचे प्रयोग केले, ते कवटीचा तुकडा काढूनच. पुढे संगणक आले. आता डोक्यावर एक शिरस्त्राण बसवतात, त्यात १,०२४ छोटे ध्वनिक्षेपक असतात. रुग्णाची कवटी कुठे किती जाड आहे ते सीटी स्कॅनवरून मोजून प्रत्येक क्षेपकाने केव्हा सुरुवात करायची ते संगणक ठरवतो. समजा, गणपतीत १,०२४ ढोलवाले गावाच्या वेगवेगळ्या गल्ल्यांत उभे केले आणि प्रत्येकाला अशी वेळ नेमून दिली की सगळ्यांचे ठोके चौकात एकाच क्षणी पोहोचतील. गल्लीत उभ्या माणसाला एकच ढोल ऐकू येईल, चौकातल्याची मात्र छाती हादरेल. तसा एकेक लहर वाटेत निरुपद्रवी असते आणि जिथे सगळ्या भेटतात तिथेच जोर धरते. हातांच्या कंपनाच्या एका विकारावर मेंदूतला बारीकसा ठिपका असा तापवून जाळण्याच्या उपचाराला अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली.

पण तट उघडायचा तर जाळून चालणार नाही. इथे बुडबुडे कामी आले. १९६८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर इथे रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा यांनी प्रसिद्ध केले की हृदयाजवळ द्रव टोचताना त्यातल्या सूक्ष्म बुडबुड्यांमुळे ध्वनिचित्र उजळते. त्यातून पुढे हृदयाच्या तपासणीसाठी तयार बुडबुडे निघाले. वायूचा थेंब, वर स्निग्ध पदार्थाचे नाहीतर प्रथिनाचे पातळ कवच, आकार रक्तातल्या तांबड्या पेशीहून लहान. काही मिनिटांत ते विरतात आणि वायू श्वासावाटे निघून जातो. हे बुडबुडे रक्तात असताना ध्वनी सोडला की ते लहरीबरोबर फुगतात, आकसतात, आणि केशवाहिनीच्या भिंतीला आतून हलके धक्के देतात. शिवण सैल होते. मूळचे फिनलंडचे कुलेर्वो हाय्निनेन आणि त्यांच्या बोस्टनच्या सहकाऱ्यांनी २००१ साली हे सशांवर दाखवले. बुडबुड्यांमुळे ध्वनीचा जोर कितीतरी कमी पुरला, पेशी जळल्या नाहीत, आणि तट नंतर आपोआप मिटला. जोर वाढला तर मात्र बुडबुडे फुटतात आणि रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून यंत्राला कानही दिले आहेत. बुडबुडे कोणत्या स्वरात थरथरतात ते यंत्र ऐकत राहते आणि स्वर बिघडू लागला की आपला आवाज उतरवते. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट फार आवडली.

माणसावरचा प्रयोग दोन वाटांनी गेला. टोरंटोच्या सनीब्रुक रुग्णालयात नोव्हेंबर २०१५ मध्ये गाठीच्या एका रुग्णाच्या मेंदूतला तट कवटीला धक्का न लावता प्रथमच उघडला गेला. डोके भादरलेले, शिरस्त्राण आणि त्वचा यांच्यामध्ये थंड पाणी खेळवलेले, रुग्ण एमआरआयच्या नळीत जागा. औषध शिरेतून गेले, मागून बुडबुडे, मग ध्वनी. चित्रात नेमलेल्या जागी द्रव्याचे ठिपके उमटले. दुसरी वाट पॅरिसची. तिथे अलेक्झांडर कार्पांतिए यांनी २०१४ पासून कवटीच्या हाडातच ध्वनीची चकती बसवायला सुरुवात केली. एकदा बसवली की दर वेळी त्वचेतून सुई टोचून तिला वीज द्यायची, शिरस्त्राण नको नि एमआरआयही नको. पंधरा रुग्णांचे निष्कर्ष २०१६ साली आले, तट सुरक्षितपणे उघडतो असे.

पुढची पायरी शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातली. मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अ‍ॅडम सोनाबेंड यांच्या बरोबर तेच रॉजर स्टुप होते, २००५ च्या अडीच महिन्यांचे. सतरा रुग्ण, रोग परत आलेले. नऊ क्षेपकांचा संच शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवलेला. ध्वनीचे काम चारेक मिनिटांचे, रुग्ण जागा. औषध पॅक्लिटॅक्सेल, जे स्तनाच्या कर्करोगात सर्रास वापरतात आणि जे एरवी मेंदूत जवळजवळ शिरत नाही. शस्त्रक्रिया चालू असतानाच डॉक्टरांनी तट उघडलेल्या आणि न उघडलेल्या भागातले कण घेऊन मोजले. उघडलेल्या भागात पॅक्लिटॅक्सेल ३.७ पट आणि कार्बोप्लॅटिन ५.९ पट भरले. शिवाय कळले की दिंडी फार लवकर मिटते, पहिल्या तासातच बरीचशी. तेव्हा औषध केव्हा सोडायचे याचे गणित मिनिटांवर आले.

इथपर्यंत वाचून कोणाच्या मनात आशा उगवली असेल तर ते साहजिक आहे, आणि म्हणूनच आता जरा हात आखडता घेतो. औषध मेंदूत पोहोचणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकागोचा अभ्यास पहिल्या टप्प्याचा होता. किती मात्रा सोसते, हा त्याचा प्रश्न. तट उघडल्यावर काहींना डोकेदुखी, काहींना थोडा वेळ अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे असे झाले, मोठ्या मात्रेला काहींच्या मेंदूला सूज-गोंधळाचा त्रासही झाला. ज्या औषधाला मेंदूने आजवर बाहेर ठेवले, ते चांगल्या पेशींना काय करते हेही पाहायचे आहे. शिवाय अशा छोट्या अभ्यासात घेतलेले रुग्ण मुळात जरा धडधाकट असतात, त्यामुळे ते अधिक जगले तर श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही. त्यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून तुलना करावी लागते. तशी मोठी चाचणी, पुन्हा उगवलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी, २०२४ च्या सुमारास सुरू झाली. एका गटाला ध्वनी आणि कार्बोप्लॅटिन, दुसऱ्याला नेहमीचे औषध.

हे सांगण्याचे कारण आहे. मध्यंतरी नात्यातल्या एका मुलाने मला फोनवर बातमी दाखवली. त्याच्या सासऱ्यांना हाच रोग. “काका, जमीन काढली तर शिकागोचं जमेल ना?” बँकेत असताना कर्जाच्या अर्जावर मी पहिला प्रश्न विचारत असे की परतफेड कशातून? इथे तो प्रश्न विचारणे क्रूरपणाचे, पण न विचारणे त्याहून वाईट. मी त्याला म्हटले, जे विक्रीला नाही ते जमीन विकून मिळत नाही. चाचणीत कोणाला घ्यायचे ते गाठीची जागा, आकार, रुग्णाची ताकद यावरून ठरते, पैशावरून नाही. आणि जिथे कोणी या प्रायोगिक उपचाराचे घसघशीत बिल लावून खात्री देत असेल, तिथून उठून यावे. आपल्या देशात माणसांवरची प्रत्येक औषध-चाचणी सरकारी नोंदवहीत नोंदवणे २००९ पासून बंधनकारक आहे. ही ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ कोणालाही पाहता येते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणे आयोजकांवर आहे. संमतिपत्र मराठीत मागावे, घरी आणून वाचावे. शस्त्रक्रिया, किरण आणि टेमोझोलोमाइड हा आजचा सिद्ध मार्ग मात्र आपल्याकडे उपलब्ध आहे, ते औषध भारतीय कंपन्या बनवतात, आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी त्यासाठी देशभरातून लोक येतात. जमिनीचे पैसे लागणारच असतील तर तिथे राहण्या-खाण्याला, घरी खाट आणि नर्स ठेवायला, सासूबाईंना रात्री झोप मिळावी यासाठी लागतील. मुलगा गप्प बसला. त्याला हवे होते ते उत्तर हे नव्हते, हे मला दिसत होते.

दिंडी उघडण्याची ही विद्या गाठींपुरती राहिलेली नाही. स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरलेल्या चार स्त्रियांमध्ये ध्वनीच्या मदतीने ट्रॅस्टुझुमॅब हे मोठ्या रेणूचे औषध आत गेल्याचे टोरंटोच्या गटाने २०२१ साली चित्रांवर दाखवले. अल्झायमरच्या तीन रुग्णांत, प्रतिपिंडाचे औषध देऊन मेंदूच्या एका भागाचा तट उघडला तर त्या भागातला चिकट थर जास्त वेगाने कमी होतो, असे वेस्ट व्हर्जिनियातून जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. चार, तीन, असेच आकडे आहेत सध्या.

आणि लहान मुले. मेंदूच्या देठात, जिथून श्वास आणि हृदयाचे दोर जातात, तिथे मुलांना एक गाठ होते. तिथे सुरी चालत नाही. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँगची मुलगी कॅरन याच गाठीने जानेवारी १९६२ मध्ये गेली, तिसरे वर्षही पुरे न करता. साठ वर्षे उलटली तरी या गाठीवरचा मुख्य उपचार किरण हाच आहे, आणि तोही काही महिने पुरतो. या मुलांसाठी टोरंटोत आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ध्वनीच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. मुले मोजकीच आहेत, आणि या टप्प्यावर डॉक्टरांचा प्रश्न एवढाच आहे की मेंदूच्या देठातला तट उघडला, औषध आत गेले आणि तट परत मिटला, तर दुसऱ्या दिवशी मूल आदल्या दिवशीसारखेच गिळते, बोलते आणि चालते का.